घरी येणाऱ्या सेवेचा काटा कसा करावा?



ऊसतोडीची टोळी फडातून गेली की जाणता शेतकरी आधी काय बघतो? ट्रॉली किती उंच भरली हे तो बघत नाही. फडात वाकून तो बुडखे बघतो. तोड जमिनीलगत झाली असेल तर टोळी चांगली. चार बोटं बुडखा वर राहिला असेल तर मुकादम कितीही गोड बोलो, आपलं नुकसान झालेलं असतं. कारण उसाच्या बुडाकडच्या कांड्यांत साखर जास्त असते. आजचा लेख उसाचा नाही, घरातल्या आजारी माणसाच्या सेवेचा आहे. पण काम कुठे तपासायचे, याचा धडा तोच आहे.

आपल्या गावांची परिस्थिती आपण जाणतोच. पोरं पुण्या-मुंबईला नोकरीला, घरी म्हातारा-म्हातारी. एखाद्याला लकवा मारला, खुब्याचे हाड मोडले, की दवाखान्यात काही दिवस ठेवून घरी पाठवतात. पुढची सेवा घरीच. घरच्यांच्याने सगळे होत नाही, म्हणून तालुक्याच्या ब्युरोतून कोणी मावशी किंवा मामा बोलवावे लागतात. महिन्याच्या महिन्याला पैसे जातात. पण सेवा चांगली की वाईट, हे ओळखायचे कसे? याबाबतीत मी स्वतः ठेच खाल्ली आहे, म्हणून लिहितो.

आमच्या घरचा अनुभव

आमच्या आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. ब्युरोने बाई पाठवली. अंगावर पांढरा कोट, बोलणे अदबीचे. खोली लख्ख, चादर ताणलेली, आईच्या अंगाला पावडरीचा वास. येणारा-जाणारा म्हणे, "सेवा बघावी तर अशी." मीही रानातून आलो की उंबऱ्यातूनच विचारायचो, "मावशी, आई बरी हाय न्हवं?" "बरी हाय की दादा," असे उत्तर यायचे. मी समाधानाने जेवायला बसायचो.

अठराव्या दिवशी बाई रजेवर गेली आणि आमच्या मंडळींनी आईचे अंग पुसायला घेतले. कूस वळवली आणि मला हाक मारली, "अहो, हिकडं या जरा." माकडहाडावर बंद्या रुपयापेक्षा मोठी जखम, कडेने काळी पडलेली. पावडरीच्या वासाखाली दुसराच वास होता. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. तिला बोलता येत नव्हते, आणि आम्ही अठरा दिवस बाईलाच विचारत होतो. ती जखम भरायला पाच महिने लागले.

राग बाईवर आला. तथापि शांतपणे विचार केल्यावर दिसले, की निम्मा दोष आमचाच. एकच बाई, चोवीस तास. दिवसा तिच्याकडून भांडी, धुणे, वेळप्रसंगी शेंगा फोडणेही करून घेत होतो. मग रात्री दर दोन तासांनी उठून तिने आईची कूस बदलावी, हे होणार कसे? तसे करायचे असते हे आम्ही सांगितले नव्हते आणि ब्युरोने तिला शिकवले नव्हते.

तपासणी तीन ठिकाणी

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॉ. एव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली आरोग्यसेवेचा दर्जा तपासण्याची एक रीत मांडली. ती जगभर मानली जाते आणि शेतकऱ्याला समजायला अगदी सोपी आहे. तीन गोष्टी पाहाव्यात: माणसे व साधने कशी आहेत, काम कोणत्या रीतीने होते, आणि परिणाम काय होतो. आपल्या भाषेत सांगायचे तर बेणे, मशागत आणि उतारा. आम्ही फक्त पांढरा कोट बघितला, म्हणजे बेण्याचे पोते बघितले. मशागत आणि उतारा बघायचा राहूनच गेला.

पहिली गोष्ट, माणूस. ब्युरोशी ठरवण्यापूर्वी स्पष्ट विचारा, येणारी व्यक्ती नर्स आहे की मदतनीस? शिकलेल्या नर्सची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते. तो कागद मागावा. इंजेक्शन देणे, लघवीची नळी घालणे, खोल जखमेची मलमपट्टी ही नर्सची कामे होत. अंघोळ, जेवण, कूस बदलणे ही कामे मदतनीस चांगली करू शकते, पण तिला ती शिकवलेली असली पाहिजेत. "पेशंटला कुशीवर कसं वळवता ते दाखवा," असे पहिल्याच दिवशी म्हणा. जी चादरीवरून फराफरा ओढते तिला काम माहीत नाही. ओढण्याने कातडी सोलते. ओळखपत्राची प्रत घ्या, पोलीस पडताळणी झाली का विचारा. बाई अचानक रजेवर गेल्यास बदली कोण, हेही लिहून घ्या. आणखी एक प्रश्न विचारायला लाजू नका. आपण देतो त्या पैशांतले बाईच्या हातात किती पडतात? मुकादमच सगळे ठेवून घेऊ लागला तर टोळी टिकत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

दुसरी गोष्ट, काम. खाटेजवळ शंभर पानी वही ठेवा. किती वाजता कोणती कूस, पाणी किती, जेवण किती, कोणते औषध, लघवी-परसाकडे कधी, एवढे त्यात यावे. उठता न येणाऱ्या माणसाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलतात. नक्की किती वेळाने, ते डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. सबंध दिवसाच्या नोंदी एकाच शाईत, एकाच दमात भरलेल्या दिसल्या तर सावध व्हा. काट्याची पावती गाडी काट्यावर असतानाच निघते, दुसऱ्या दिवशी आठवून नव्हे.

अधूनमधून अवेळी घरी या आणि नुसते बघा. आजाऱ्याला हात लावण्यापूर्वी बाई साबणाने हात धुते का? भरवताना पाठ उंच करून बसवते का, आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच ठेवते का? आडवे ठेवून भरवले तर घास श्वासनळीत जाऊन फुप्फुसाला आजार होतो. लघवीची पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता टांगलेली आहे का? या गोष्टी बघायला पैसा लागत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, शरीर. इथे बुडखे दिसतात. रोज अंग पुसताना घरचे एक माणूस जवळ असलेच पाहिजे. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, खांद्यामागची हाडे आणि डोक्याची मागची बाजू बघा. लाल चट्टा दिसला तर बोटाने दाबा. दाब काढल्यावरही लाली तशीच राहिली तर ती जखमेची सुरुवात समजावी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. अशा वेळी ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, घट्ट किंवा मऊ लागते का हे हाताने बघावे. त्या जागी चोळू नका. हवेची गोल रिंगही ठेवू नका, तिच्या कडेने दाब वाढतो. त्या अंगावर झोपवणे बंद करून डॉक्टरांना दाखवा. याशिवाय लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडते आहे. कपडे सैल झाले असतील तर अन्न कमी पडते आहे. दंडावर बोटांचे वळ असतील तर काय ते आपण समजावे.

आणि आजाऱ्याला स्वतःला विचारा, बाई खोलीत नसताना. बोलता येत नसेल तर बाई आत आल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, तो बघा.

सेवा करणाऱ्याचाही काटा करावा

सेवा करणारी बाईही कोणाची तरी आई असते. तिला झोप, पोटभर जेवण, आठवड्याची सुट्टी आणि वेळेवर पैसे मिळालेच पाहिजेत. रात्री कूस बदलायची असेल तर बारा बारा तासांच्या दोन पाळ्या लावा, किंवा रात्रीचे काम घरच्यांनी वाटून घ्या. घरकामाला वेगळे माणूस ठेवा. हे जमवले नाही आणि जखम झाली, तर ब्युरोला बोल लावण्याचा आपला हक्क कमी होतो.

ब्युरोचीच कुचराई असेल तर मात्र गप्प बसू नये. ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक २०१९ साली लोकसभेत आले होते. त्यात घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांच्या नोंदणीची तरतूद होती. पण ती लोकसभा २०२४ साली संपेपर्यंत त्याचा कायदा झाला नाही. म्हणून ब्युरोशी लेखी करार, पैशांची पावती आणि वही, हाच आपला पुरावा. पैसे घेऊन सेवा देणाऱ्या संस्थेविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते.

केरळात याच्याही पुढे पाऊल पडले आहे. १९९३ साली कोझिकोडला सुरू झालेल्या कामातून पुढे गावोगावचे स्वयंसेवक तयार झाले. ते नर्सबरोबर अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात आणि घरच्यांनाही सेवा शिकवतात. २००८ साली तिथल्या सरकारने त्याचे धोरण केले. सहकाराने ज्यांनी कारखाना उभा केला, त्यांना गावातल्या चार बायका-पुरुषांना हे काम शिकवून आणणे जड जाऊ नये.

आमच्याकडे नंतर आलेली बाई गावातलीच होती, फारशी शिकलेली नव्हती. आल्याबरोबर आम्हाला काही न विचारता ती आईच्या उशाशी वाकली आणि म्हणाली, "आजी, पाठ दुखती व्हय? व्हय असंल तर डोळं मिटा." आईने डोळे मिटले. त्या दिवसापासून आम्हीही आईलाच विचारू लागलो.

बंधूंनो, आपल्या घरात कोणी अंथरुणाला असेल तर आज रानातून आल्यावर उंबऱ्यातून विचारू नका. हातपाय धुऊन आत जा, कूस वळवा आणि पाठ बघा.

— एक सभासद