वेष्टनावरचा आकडा आणि आतला सेल

ऑनलाइन दुकानांत एक लिथियम सेल हमखास भेटतो. आकार १८६५०, रंग भडक आणि अंगावर ठसठशीत ‘९९०० एमएएच’, म्हणजे विजेच्या साठ्याचा आकडा. किंमत नावाजलेल्या कंपनीच्या सेलपेक्षा बरीच कमी. असा सेल जगातला कुठलाही कारखाना बनवत नाही. या आकारात सर्रास मिळणाऱ्या चांगल्या सेलची मजल ३५००-३६०० एमएएचपर्यंत जाते, त्यापुढचे अगदी मोजके. ९९०० हा आकडा फक्त छापखान्यात तयार होतो.

व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. १८६५० या नावातून एवढंच कळतं. आत काय आहे ते नाही. टॉर्च, पॉवर बँक, जुने लॅपटॉप, ड्रिल मशीन, चार्जिंगचे छोटे पंखे, सगळीकडे हाच सेल. पण त्याला फार पिळणारं, आणि वर तोंडाशी धरलं जाणारं उपकरण म्हणजे व्हेप, अर्थात ई-सिगारेट. साध्या टॉर्चला दोन-तीन अँपिअर पुरतात; सुटे सेल घालायच्या मोठ्या व्हेपची कॉइल तापवायला बटण दाबताक्षणी १५-२० अँपिअर लागतात.

भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे. बाहेरून येताना बॅगेत टाकून आणणंही अंगाशी येऊ शकतं. पण लंडन, दुबई किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाच्या आसपास ही वस्तू असतेच, आणि सेल तर आपल्याही घरात आहेत. सेल सुरक्षित असला म्हणून व्हेपिंग सुरक्षित होत नाही. फुप्फुसांचा आणि निकोटिनचा हिशोब वेगळा आहे. इथे बोलायचंय ते फक्त सेलबद्दल.

“एमएएच जास्त, तितका सेल दमदार”

हा सगळ्यात मुरलेला गैरसमज, आणि तो उलटा आहे.

सेलचा डबा कापला तर आत धातूच्या लांब पातळ पट्ट्या सुरळीच्या वडीसारख्या गुंडाळलेल्या दिसतात: एक तांब्याची, एक ॲल्युमिनिअमची, दोन्हींवर रसायनाचा लेप आणि मध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा. डब्याची जागा ठरलेली. लेप जाड दिला तर वीज साठवणारा माल जास्त बसतो, एमएएच वाढतात. पण त्या जाड थरातून लिथियमच्या आयनांना ये-जा करायला वेळ लागतो, पट्टीची लांबीही कमी भरते, आणि एकदम मोठा प्रवाह मागितला की सेल तापतो. लेप पातळ ठेवला तर पट्टी लांब बसते, प्रवाहाला वाट मोकळी होते, साठा मात्र घटतो. दोन्ही एकत्र हवं असेल तर डबाच मोठा लागतो. २१७०० आकाराचे सेल म्हणूनच आले.

उदाहरणं पाहा. पॅनासॉनिकचा एनसीआर १८६५०बी साधारण ३४०० एमएएचचा, उत्तम सेल; पण त्यातून सतत सात अँपिअरही ओढायचे नाहीत. सॅमसंगचा २५आर फक्त २५०० एमएएचचा, पण २० अँपिअर देतो. एलजीचा एचजी२ ३००० एमएएच आणि २० अँपिअर. व्हेपमध्ये ३४०० वाला घालणारा माणूस जास्त पैसे देऊन जास्त धोका विकत घेतो.

म्हणून निवड उलट्या बाजूने करायची. आधी उपकरण किती अँपिअर ओढणार ते काढायचं, तेवढे सतत देऊ शकणारे सेल बाजूला काढायचे, आणि मग त्यांच्यातला जास्त एमएएचचा घ्यायचा.

“वर ४० अँपिअर लिहिलंय की!”

सेल बनवणाऱ्या कंपन्या थोड्या: सॅमसंग, एलजी, मुराता, पॅनासॉनिक, तैवानची मोलिसेल आणि काही चिनी कारखाने. सोनीने १९९१ साली पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, पण आपला बॅटरीचा धंदा २०१७ मध्ये मुराताला विकला. बाजारात मात्र नावं शेकड्यांनी दिसतात. त्यातल्या बहुतेक कंपन्या सेल बनवत नाहीत. घाऊक सेल घेतात, आपलं वेष्टन चढवतात आणि त्यावर हवा तो आकडा छापतात.

‘४० अँपिअर’ हा आकडा बहुधा ‘पल्स’चा असतो, म्हणजे काही क्षण प्रवाह, मग विश्रांती. पल्स किती सेकंदांची, विश्रांती किती, सेल किती तापू द्यायचा, याचा सगळ्यांना बांधणारा नियम नाही. त्यामुळे तो आकडा कसाही फुगवता येतो. बघायचा तो सतत प्रवाहाचा आकडा, आणि तोही मूळ उत्पादकाच्या डेटाशीटमधला. मोलिसेलच्या पी२८एसारख्या १८६५०ला ३५ अँपिअरचं रेटिंग आहे, तेही तापमानाच्या अटीसह. या आकारात एवढा आकडा म्हणजे जवळपास वरचं टोक. त्याच्या पलीकडचा आकडा दिसला की सेल खाली ठेवावा.

आता उपकरणाचं गणित. ‘मेकॅनिकल मॉड’ म्हणजे आत कसलंही सर्किट नसलेली नळी. तिथे ओहमचा नियम सरळ लागतो. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टचा, कॉइल ०.५ ओहमची असेल तर ८.४ अँपिअर, ०.२ची असेल तर २१, ०.१ची असेल तर ४२. आकडा चुकला तर सांभाळायला मध्ये कोणी नाही. नवख्याने या नळीच्या वाट्याला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सर्किट असलेल्या, ‘रेग्युलेटेड’ उपकरणात जाणकारही फसतात. ते कॉइलचा ओहम बघून सेलवरचा भार काढतात. इथे सर्किट ठरलेले वॅट देत राहतं, मग सेल भरलेला असो वा संपत आलेला. व्होल्टेज उतरलं की तेवढेच वॅट द्यायला ते जास्त प्रवाह ओढतं. ८० वॅटवर ठेवलेलं एका सेलचं उपकरण, सेल ३.२ व्होल्टला आला असताना, ८० भागिले ३.२ म्हणजे २५ अँपिअर मागतं. सर्किटमध्ये दहा टक्के वाया जातात असं धरलं तर जवळपास २८. म्हणजे सेलवरचा सगळ्यात मोठा ताण तो संपत आलेला असताना येतो. दोन सेलचं उपकरण असेल तर वॅटचा भार दोघांत अर्धा-अर्धा वाटला जातो, आणि तीच मोठी सुरक्षा. मात्र ते दोन्ही सेल एकाच मॉडेलचे, एकाच दिवशी घेतलेले आणि कायम जोडीनेच वापरलेले-चार्ज केलेले हवेत. नाहीतर दमलेला आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला उलटा चार्ज करू लागतो.

“स्फोट होतात ते वापरताना किंवा चार्जिंगला लावल्यावर”

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ साली एक अहवाल काढला. २००९ ते २०१६ या काळात तिथे ई-सिगारेटला आग लागण्याच्या किंवा स्फोटाच्या १९५ घटना नोंदल्या गेल्या होत्या. वापरताना झालेल्या ६०, चार्जिंगच्या वेळी ४८. आणि खिशात? ६१. उपकरण खिशात असताना किंवा नुसते सुटे सेल खिशात असताना.

कारण सेल हातात घेऊन पाहिलं तर दिसतं. तळापासून वरच्या कडेपर्यंतचा सगळा धातूचा डबा हे ऋण टोक असतं. धन टोक म्हणजे वरची छोटी टोपी. डब्याची दुमडलेली कड आणि ती टोपी यांच्यात अंतर जेमतेम काही मिलिमीटर, आणि त्यात एक पातळ, बहुधा पांढरी, चकती. बाकी सगळं रक्षण कागदाइतक्या पातळ रंगीत प्लॅस्टिकवर. वरच्या कडेला ते नखाएवढं जरी फाटलं, तरी किल्ली किंवा पाचाचं नाणं दोन्ही टोकं जोडायला पुरेसं होतं. मग जो प्रवाह वाहतो त्याला रेटिंग वगैरे काही उरत नाही. जास्त प्रवाहाचा चांगला सेल इथे जास्त घातक, कारण तो मोकळ्या हाताने देतो.

सुटा सेल न्यायचा तर प्लॅस्टिकच्या डबीतच. वेष्टनाला चीर पडली तर नवं वेष्टन चढवून घ्यावं. ते स्वस्तात मिळतं. डब्यालाच पोचा आला असेल तर सेल बाद. आणि विमानप्रवासात सुटे सेल नेहमी हातातल्या बॅगेत, टोकं झाकून; चेक-इनमध्ये कधीच नाही.

“खऱ्या कंपनीचा घेतला, आता चिंता नाही”

सॅमसंग, एलजी यांसारख्या उत्पादकांची भूमिकाच अशी आहे की हे सेल सुटे विकण्यासाठी नाहीत. ते जातात पॅक बनवणाऱ्यांकडे, जिथे व्होल्टेज, प्रवाह, तापमान यांवर नजर ठेवणारं सर्किट सोबत असतं. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानेही सुटे १८६५० विकत घेऊ नका, वापरू नका, असा इशारा दिला. तेव्हा ‘सुरक्षित सेल’ म्हणजे ‘कमी धोक्याचा सेल’ एवढंच. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये व्हेपच्या स्फोटात माणसं दगावली आहेत.

शिवाय खरी कंपनी आणि खऱ्या कंपनीचं वेष्टन यांत फरक असतो. नकली सेल ओळखायला घरचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा बराच कामाचा. खरा १८६५० साधारण ४५ ते ४८ ग्रॅमचा. तिशीत भरला तर आत दुसराच लहान सेल किंवा नुसतं भरताड असल्याचा दाट संशय घ्यावा. पण वजन जुळलं म्हणून खरा ठरत नाही. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले सेलही वजनाला बरोबर भरतात. ते मुळात कमी प्रवाहाचे, त्यात थकलेले, आणि नव्या वेष्टनात नव्यासारखे दिसतात. घरच्या टॉर्चसाठी भारतात सेल घेताना भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक आणि आयएस १६०४६ हे मानक पाहावं. तेही छापता येतं हे खरं, पण ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर क्रमांक पडताळता येतो.

‘प्रोटेक्टेड’ सेल घेतला म्हणूनही चिंता मिटत नाही. बुडाशी छोटं सर्किट असतं, लांबी काही मिलिमीटरने वाढते. टॉर्चला तो उत्तम. व्हेपमध्ये एक तर बसत नाही, बसला तर मोठा प्रवाह त्याचं सर्किट मध्येच तोडून मोकळं होतं.

सेल अधूनमधून पूर्ण रिकामा करावा लागतो, ही निकेल-कॅडमिअमच्या जमान्यातली सवय. लिथियमला ती मारक. २.५ व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा जागवू नये. फ्रीझरमध्येही ठेवू नये. अर्धा चार्ज आणि सावलीची जागा बस्स. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको.

“लिथियम आहे, पाणी टाकू नका”

शाळेत शिक्षकांनी पाण्यात टाकून दाखवला तो सोडिअम, आणि त्याच कुळातलं लिथियम. भीती तिथून आलेली. पण या सेलमध्ये लिथियम धातूरूपात जवळपास नसतं, संयुगांत बांधलेलं असतं. पेटलेल्या छोट्या लिथियम-आयन उपकरणावर भरपूर पाणी ओतून ते थंड करा, असंच अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने केबिन क्रूला सांगितलंय. सेल चार्जरमध्ये असेल तर आधी भिंतीवरचा मुख्य स्विच बंद करायचा, मग पाणी. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, म्हणून खिडक्या उघडून खोलीबाहेर पडायचं. आग पसरली तर थेट अग्निशमन दल. विझलेला सेल आतून तापलेला असतो आणि पुन्हा पेट घेऊ शकतो, तेव्हा तो गार होईपर्यंत बाहेर उघड्यावर, जळण्याजोगं काही नसलेल्या जागी ठेवायचा. त्यानंतर तो जातो ई-कचरा संकलन केंद्रात, घंटागाडीत नाही.