वांग्याची साडेसाती : ‘अ‍ॅडव्हेंचर आयलंड’ अवघड का वाटला?

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घराघरांत आलेला टीव्ही गेम म्हणजे निन्टेंडोच्या ‘फॅमिकॉम’ यंत्राची स्वस्त नक्कल. त्यावरचा ‘मारिओ’ सर्वांच्या लक्षात राहिला; ‘अ‍ॅडव्हेंचर आयलंड’ अनेकांनी अर्ध्यावर सोडला आणि पुढे विसरूनही गेले.

त्याचा जन्म उसनवारीतून झाला. १९८६ साली जपानच्या एस्केप या कंपनीने सेगासाठी ‘वंडर बॉय’ केला. हडसन सॉफ्टने तो त्याच वर्षी फॅमिकॉमवर आणला. पण नाव आणि नायक यांचे हक्क सेगाकडे होते. मग हडसनने आपल्याच एका कर्मचाऱ्याला नायक केले. हे तोशियुकी ताकाहाशी सेकंदाला सोळा वेळा बटण दाबण्याबद्दल जपानी मुलांत प्रसिद्ध होते. पाश्चात्त्य आवृत्तीत त्यांचा ‘मास्टर हिगिन्स’ झाला.

मारिओप्रमाणे इथेही आठ विभाग आणि प्रत्येकी चार, म्हणजे ३२ फेऱ्या. पण मारिओ शत्रूच्या डोक्यावर उडी मारतो; इथे शत्रूचा स्पर्श म्हणजे मरण. अंड्यातून मिळणारी दगडी कुऱ्हाड हेच मुख्य शस्त्र, आणि जीव गेला की तेही जाते. त्यामुळे अवघड जागी पुन्हा उभे राहायचे ते रिकाम्या हाताने. शक्तीची पट्टी सतत उतरते आणि फळे खाल्ली तरच भरते, म्हणून थांबून विचार करण्याची सोय नाही. दगडाला ठेच लागली तरी शक्ती घटते. काही अंड्यांतून वांगे निघते. ते डोक्यावर तरंगत शक्ती झपाट्याने शोषते.

हा झाला रचनाकारांनी घातलेला अवघडपणा. दुसरा आपल्या परिस्थितीने घातला. पहिल्या फेरीच्या शेवटी एका लपलेल्या अंड्यात मधमाशी असते, हडसनचे बोधचिन्ह. ती मिळवली, तर खेळ संपल्यावर दिशेचे बटण धरून ‘स्टार्ट’ दाबता येते आणि पुढे खेळता येते. नकली कॅसेटबरोबर माहितीपुस्तिका नसे. ही युक्ती कळायची ती कोणी सांगितली तरच.

शिवाय खेळात प्रगती साठवण्याची सोय नव्हती. वीज गेली की मधमाशीही गेली. पुन्हा पहिली फेरी. मुळशीत या गोष्टीला वेगळाच अर्थ आहे. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला, त्याच्या पाण्यावर भिऱ्याला तयार होणारी वीज मुंबईसाठी होती. ग्रामीण महाराष्ट्राच्या वाट्याला पुढे तासन्‌तास भारनियमन आले. बत्तिसाव्या फेरीपर्यंत सलग वीज असणे, हीदेखील खेळातली एक अटच म्हणायची.

मूळ खेळ जगभरच्या संग्राहकांनी जपला आहे. आपल्याकडे तो कसा खेळला गेला, कोणती युक्ती कोणी कोणाला सांगितली, याची नोंद मात्र फारशी झालेली नाही. ती पिढी आता चाळिशीत आहे आणि आठवणी अजून ताज्या आहेत. गावोगावच्या या आठवणी आत्ताच लिहून ठेवायला हव्यात.