बलाढ्य प्रहारकाविरुद्धची रणनीती : हेवीवेट मुष्टियुद्धातील तीन लढतींचा अभ्यास

सारांश : एका ठोशात लढत संपविणाऱ्या हेवीवेट योद्ध्याला हरविण्यासाठी त्याच्याहून अधिक ताकद हवी, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत लेखात १९७४, १९९० व २०२० मधील तीन लढतींच्या आधारे या समजाची तपासणी केली असून, अंतर, दबाव व दम या तीन घटकांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : मुष्टियुद्ध, हेवीवेट, अंतर, दबाव, दम.

१. ठोशाची शक्ती

ठोशाची शक्ती केवळ दंडात नसते. पाय रोवून, कंबर व खांदा एकत्र वळवून शरीराचे वजन मुठीमागे आणावे लागते. त्यासाठी योग्य अंतर, पाय रोवण्यापुरती उसंत आणि पुरेसा दम आवश्यक असतो. हाताने वेग घेण्यापूर्वीच तो अडला अथवा लक्ष्य त्याच्या पोचेबाहेर गेले, तर ठोसा निष्प्रभ ठरतो. मागे सरकणाऱ्या योद्ध्याला वजन पुढे टाकता येत नाही. हुकलेल्या ठोशाचे श्रम तर दुहेरी असतात. कारण वेगाने गेलेला हात आवरण्याचे कामही स्वतःच्याच स्नायूंना करावे लागते. या तीनपैकी एखादी अनुकूलता हिरावून घेणे, हेच प्रतिस्पर्ध्याच्या रणनीतीचे सूत्र होय.

२. अंतर : टोकियो, १९९०

११ फेब्रुवारी १९९० रोजी माईक टायसन रिंगणात उतरला तेव्हा तो ३७ लढतींत अपराजित होता व त्यांपैकी ३३ लढती त्याने प्रतिस्पर्ध्याला बाद करून जिंकल्या होत्या. त्याचा प्रतिस्पर्धी जेम्स ‘बस्टर’ डग्लस उंचीने सरस होता आणि त्याच्या हातांची पोचही सुमारे १२ इंचांनी अधिक होती. डग्लसने सरळ डाव्या ठोशाचा, म्हणजे जॅबचा, सातत्याने वापर करून टायसनला आत शिरू दिले नाही. तो जवळ आलाच तर डग्लस त्याला मिठीत जखडून ठेवी. आठव्या फेरीत डग्लस खाली पडला, परंतु सावरला आणि दहाव्या फेरीत त्याने टायसनला बाद केले. टायसनची तयारी अपुरी होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. केवळ डावपेचांना सर्व श्रेय देणे योग्य ठरणार नाही.

३. दबाव : लास वेगास, २०२०

डिऑन्टे वाइल्डरने ४२ विजयांपैकी ४१ विजय प्रतिस्पर्ध्याला बाद करून मिळविले होते. डिसेंबर २०१८ मध्ये टायसन फ्युरीने त्याच्याविरुद्ध चपळ हालचाल व बचाव यांवर भर दिला. तरीही फ्युरी दोनदा खाली पडला आणि लढत बरोबरीत सुटली. २२ फेब्रुवारी २०२० च्या दुसऱ्या लढतीत त्याने नेमकी उलट पद्धत स्वीकारली. रिंगणाचा मध्य ताब्यात घेऊन त्याने वाइल्डरला सतत मागे रेटले आणि मिठीत आपल्या देहाचा भार त्याच्यावर टाकला. पाय रोवण्यास उसंतच न मिळाल्याने वाइल्डरचा उजवा हात निकामी ठरला. सातव्या फेरीत त्याच्या बाजूने टॉवेल फेकण्यात आला. मात्र ऑक्टोबर २०२१ च्या तिसऱ्या लढतीत विजयी होण्यापूर्वी फ्युरी चौथ्या फेरीत दोनदा खाली पडला होता. म्हणजेच दबावाची नीतीही पूर्णतः निर्धोक नाही.

४. दम : किन्शासा, १९७४

जॉर्ज फोरमनने आपल्या ४० विजयांपैकी ३७ लढतींत प्रतिस्पर्ध्याला बाद केले होते. महंमद अलीला हरविणाऱ्या जो फ्रेझिअर व केन नॉर्टन या दोघांनाही त्याने दुसऱ्या फेरीतच संपविले होते. याच आकड्यांत त्याची उणीवही दडलेली होती. त्याच्या आधीच्या सलग आठ लढती दोन फेऱ्यांपलीकडे गेल्याच नव्हत्या. दीर्घ लढतीचा अलीकडचा सराव त्याला नव्हता.

३० ऑक्टोबर १९७४ रोजी पहिल्या फेरीत अलीने उजव्या हाताचे थेट ठोसे लगावले. दुसऱ्या फेरीपासून मात्र तो दोरांना रेलून राहिला. प्रशिक्षक अँजेलो डंडी दोरांपासून दूर होण्यास सांगत असतानाही त्याने आपला पवित्रा बदलला नाही. बहुतेक ठोसे त्याने हातांवर व बरगड्यांवर झेलले, मिठीत फोरमनची मान खाली दाबली आणि मधूनच झटपट प्रतिठोसे दिले. उष्ण व दमट हवेत फोरमनचा दम संपत गेला. आठव्या फेरीच्या अखेरीस अलीने त्याला बाद केले.

५. विजयाची किंमत

ही लढत सर्वाधिक गाजली. म्हणूनच तिचे अनुकरण करण्याचा मोहही सर्वाधिक होतो. परंतु पहिल्या दोन पद्धतींत प्रहार टाळला जातो, तर तिसरीत तो स्वीकारला जातो, हा भेद मूलभूत आहे. अलीला १९८४ मध्ये पार्किन्सनच्या विकाराचे निदान झाले. हा विकार ठोशांमुळेच जडला असे निर्विवादपणे म्हणता येत नाही. तथापि, मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूला वारंवारच्या आघातांनी होणाऱ्या हानीकडे हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच लक्ष वेधले होते आणि पुढील संशोधनाने तिला दुजोरा दिला आहे.

६. निष्कर्ष

बलाढ्य प्रहारकाचा पराभव प्रतिताकदीने न होता त्याच्या ताकदीला आधारभूत असलेली परिस्थिती नाहीशी केल्याने होतो. पोच अधिक असल्यास अंतर राखावे. देह भारी असल्यास दबाव आणावा. प्रतिस्पर्ध्याला दीर्घ लढतीची सवय नसल्यास वेळ आपल्या बाजूने वळवावा. मात्र अलीसमोर १५ फेऱ्यांचा अवकाश होता. महाविद्यालयीन खेळाडू ज्या हौशी मुष्टियुद्धात उतरतात, तेथे लढत तीन फेऱ्यांचीच असते. प्रतिस्पर्धी थकण्याआधी गुण त्याच्या नावे जमा झालेले असतात. म्हणून क्रीडाशिक्षकांनी किन्शासाची कथा विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी; पण सरावात मार सोसण्याचा नव्हे, तर तो चुकविण्याचाच धडा द्यावा. जिंकलेल्या लढतीनंतरही विद्यार्थ्याला दीर्घ आयुष्य जगावयाचे असते, याचे भान प्रशिक्षकाने ठेवणे अगत्याचे आहे.