शेअर घसरला, तर विक्रेत्याचं काय?

इंडियामार्ट ही घाऊक खरेदीदार आणि विक्रेते यांची गाठ घालून देणारी ऑनलाइन बाजारपेठ 1996 साली सुरू झाली. तिचा शेअर जुलै 2019 मध्ये 973 रुपयांच्या भावाने बाजारात आला. खरेदीदाराला इथे पैसे पडत नाहीत. कंपनीची मुख्य कमाई विक्रेत्यांच्या वर्गणीतून होते. त्यामुळे गुंतवणूकदारांची नजर नफ्याइतकीच वर्गणीदारांच्या संख्येवर असते. ऑक्टोबर 2024 मध्ये नफा भरघोस वाढूनही या संख्येची वाढ मंदावलेली दिसली आणि शेअर एका दिवसात जोरात आपटला.

देवणी, उदगीर, लातूर हा तुरीचा आणि डाळमिलांचा पट्टा. इथल्या एखाद्या मिलवाल्याच्या मोबाइलवर इंडियामार्टवरून ‘तूरडाळ, 50 कट्टे’ अशी चौकशी येते, तेव्हा तीच चौकशी आणखी काही विक्रेत्यांकडेही गेलेली असते. शेअर पडला म्हणून ती चौकशी थांबत नाही, की डाळीचा भाव उतरत नाही. खरा धोका पुढे असतो: कमाई वाढवण्याच्या दबावाखाली कंपनी वर्गणी वाढवू शकते. म्हणून वर्गणीचं नूतनीकरण करताना शेअरचा आलेख नव्हे, वर्षभरात किती चौकशांचे सौदे झाले, ही वहीतली नोंद पाहावी.