पश्चिमेकडचा दिवा

धनत्रयोदशीच्या सांजवेळी आजी यमदीप दक्षिणेकडे लावी; मग कणकेचा दुसरा दिवा हळूच पश्चिमेकडे वळवून ठेवी. "हा दादाचा," एवढेच म्हणे. तिचा थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धात इटलीत पडला. घरी आली ती फक्त तार. ना अस्थी, ना समाधी.

परवा माणगावला तहसील कचेरीपाशी नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा पाहिला आणि आजी आठवली. पळसगावचा हा मराठा पलटणीतला जवान! १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात सोबती पडल्यावर एकटाच मशीनगनवर चालून गेला. ठाणे जिंकले आणि तिथेच त्याला गोळी लागली. वय अवघे २२. व्हिक्टोरिया क्रॉस पत्नीच्या हाती आला. समाधी मात्र कुठेच नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव तेवढे आहे.

२०२३ साली इटलीतील मोंतोने गावी त्याच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले गेले. आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत, असा त्यावरील बोधवाक्याचा आशय.

आजी आता नाही. तिचा तो दिवा मी लावतो. आपल्याकडे दिवेलागण होते, तेव्हा दादाच्या मातीवर अजून दुपारचे ऊन असते.