वाळूतल्या वेली ओळखताना

मोरजिम किंवा वेळासच्या किनाऱ्यावर वनस्पती ओळखायला निघालात, तर फुलाकडे वळण्याआधी पाणी किती दूर आहे ते पाहा. भरतीच्या रेघेपासून वाळूच्या पहिल्या उंचवट्यापर्यंत मोजक्याच जाती तग धरतात. खारे तुषार, तापलेली वाळू आणि वाऱ्याने अंगावर चढणारे वाळूचे थर हे सगळे त्यांनाच झेपते. त्यामागे निर्गुडीच्या जातीची झुडपे, आणखी आत केवडा, उंडी. रोप कुठे उगवले आहे एवढ्यावरूनच बरीच नावे बाद होतात. मोबाइलमधल्या ॲपला नुसत्या पानाच्या फोटोत हे दिसत नाही, म्हणून ते इथे बऱ्याचदा चकते.

नवशिक्यांची गल्लत होते ती पहिल्याच पट्ट्यात. जांभळट-गुलाबी फुलांच्या दोन वेली शेजारी-शेजारी सरपटत असतात. एक मर्यादवेल; दुसरी अबईची किनाऱ्यावरची बहीण, कॅनाव्हेलिया रोझिया. मर्यादवेलीचे पान एकच, पण शेंड्याला खाच पडून दुभंगलेले. देठ मोडला की पांढरा चीक येतो. दुसरीला प्रत्येक देठावर तीन पर्णिका, आणि चीक नाही. फूल जवळून बघा: पहिलीचे नरसाळ्यासारखे, दुसरीचे वालाच्या फुलासारखे, पण उलटे टांगलेले. फळात तर शंकेला जागाच नाही. अबईच्या बहिणीला जाड शेंग, मर्यादवेलीला गोल बोंड आणि आत चार मखमली लव असलेल्या बिया. या बिया समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागतात. दोन्ही वेली पेरापेरांतून मुळे सोडून वाळू धरून ठेवतात.

रावणाच्या मिशा मात्र पाहण्याआधी टोचतात! या गवतात नर आणि मादी झाडे वेगळी. काटेरी चेंडू फक्त मादीचे. पिकले की तुटून वाऱ्याबरोबर गडगडत जातात आणि वाटेत बी सांडतात. हे गवत उपटून पाहू नका. किनारी क्षेत्र नियमनाच्या 2011 आणि 2019 च्या अधिसूचनांनी वाळूच्या टेकड्यांना संरक्षण दिले आहे.

आणि सुरूचे झाड? ते इथले नव्हे, मुद्दाम लावलेले. त्याच्या दाट बनाखाली पाचोळ्याचा थर साचतो, तिथे मर्यादवेल क्वचितच दिसते. सुईसारखी दिसतात ती त्याची पाने नव्हेत, हिरव्या डहाळ्या आहेत. एखादी सांध्यावर अलगद ओढून तोडा: कडेला सहा-आठ इवले दाते दिसतील. पाने ती.