जुना पिकअप चढावर दम टाकतोय? टर्बो बदलायच्या आधी या गोष्टी बघून घ्या

पहाटेची वेळ. वसई फाट्यावरून हायवेला लागलेला एक जुना डिझेल पिकअप. मागे कधी केळी, कधी भाजी, कधी बर्फात ठेवलेली मासळी. वर्सोवा पुलापर्यंत सगळं ठीक चालतं. पुढे ठाण्याकडे वळून गायमुखचा चढ लागला की खरी परीक्षा सुरू. चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, पण गाडी काही उचलत नाही. मागून हॉर्न वाजतायत आणि बाजाराची वेळ निघून चाललीये.

वसईत ज्यांचं पोट अशा गाडीवर आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही. आमच्या घरासमोरच्या एका काकांनी तर याच दुखण्यापायी टर्बो बदलला. खर्च झाला, चार दिवस गाडी उभी राहिली आणि पाचव्या दिवशी चढावर पुन्हा तेच. शेवटी दोष कुठे निघाला? डिझेलच्या टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीला पडलेल्या बारीकशा चिरेत.

आता काकांचं नेमकं चुकलं कुठे? तर तपासणीच्या क्रमात. 'गाडी पिकअप घेत नाही' हा आजार नाही, ते फक्त लक्षण आहे. ताप आला म्हणून कुणी थेट ऑपरेशन करत नाही, तसंच इथेही आहे.

आधी इंजिन समजून घेऊ

पेट्रोल इंजिनात ठिणगी टाकायला स्पार्क प्लग असतो. डिझेल इंजिनात तो नसतो. तिथे सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती प्रचंड तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेट घेतं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९०च्या दशकात हे इंजिन तयार केलं. तत्त्व आजही तेच आहे.

म्हणजे ताकदीसाठी तीन गोष्टी लागतात. पुरेशी हवा, वेळेवर आणि योग्य मापाचं डिझेल, आणि तिसरी म्हणजे हवा नीट दाबणारा घट्ट सिलिंडर. यात हवेचा वाटा किती मोठा आहे ते बघा. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला साधारण १० हजार लिटर हवा लागते. त्यामुळे एअर फिल्टर चोंदला तर इंजिन अक्षरशः गुदमरतं.

पण दोष इंजिनातच आहे कशावरून?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा, कारण याचं उत्तर शोधायला जवळपास फुकटात होतं.

गाडी रिकामी करा, सपाट जागेवर न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा आणि दोघांनी ढकलून बघा. जड जात असेल तर आधी टायरमधली हवा बघा, मग ब्रेक. पाच-सहा किलोमीटर चालवून आल्यावर प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या, पण टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसलाय. वसईत हे विसरून चालणार नाही. समुद्राची खारी हवा आणि मासळीच्या क्रेटमधून गळणारं खारं पाणी, दोन्ही लोखंडाचे शत्रू. ब्रेकचे भाग गंजून अडकले की इंजिन चांगलं असूनही गाडी ओढत नाही.

दुसरी गोष्ट क्लच. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही? मग क्लच प्लेट घसरतेय. टर्बो बदलून काही उपयोग नाही.

तिसरी गोष्ट ऐकून हसू येईल. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल पूर्ण दाबायचं. जुन्या केबलच्या गाडीत दुसऱ्याने बॉनेट उघडून पंपाचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का ते बघायचं. केबल सैल झाली असेल किंवा पेडलखाली मॅट अडकली असेल, तर पाय पूर्ण दाबूनही इंजिनला अर्धाच हुकूम मिळतो.

आता धूर बघा

गाडीत माल भरून, कुणाला तरी मागून दुसऱ्या गाडीने यायला सांगा. चढावर सायलेन्सरमधून येणाऱ्या धुराचा व्हिडिओ काढायला लावा. मेकॅनिकला दाखवायला यासारखा पुरावा नाही.

काळा धूर : डिझेल जास्त, हवा कमी. आधी एअर फिल्टर काढून बघा. मग टर्बोपासून इंजिनपर्यंत जाणारे रबरी होस तपासा. होस फाटला किंवा क्लिप सैल झाली की दाबलेली हवा वाटेतच निसटते. तिथे तेलकट डाग दिसतो, ॲक्सिलरेटर दाबल्यावर फुस्स असा आवाज येतो. ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडाच अडकला, किंवा नोझल फवारा मारायच्या ऐवजी थेंब टाकू लागली, तरीही काळाच धूर येतो.

निळा धूर : इंजिन ऑइल जळतंय. टर्बोचं सील किंवा पिस्टनच्या रिंगा यांच्यावर संशय घ्यायची ही वेळ.

पांढरा धूर : थंड इंजिन सुरू करताना थोडा येणं वेगळं. गरम झाल्यावरही येत असेल, तर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा कूलंट सिलिंडरमध्ये शिरतंय. कूलंट कमी होतंय का बघा, आणि होत असेल तर गाडी पुढे दामटू नका.

धूर जवळपास नाहीच, पण ताकदही नाही : इंजिनला डिझेल पुरेसं पोचत नाहीये. डिझेल फिल्टर, टाकीतली जाळी, फीड पंप आणि नळ्या या क्रमाने बघा. टाकीच्या झाकणाची हवेची वाट बंद झाली तरी असंच होतं. झाकण उघडताना जोरात हवा आत ओढल्याचा आवाज आला तर समजून जा.

काकांची गाडी याच शेवटच्या प्रकारातली होती. मग नळीला चीर होती तर डिझेल गळायला हवं ना? नाही. ही नळी ओढणाऱ्या बाजूची. चिरेतून डिझेल बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. सपाट रस्त्यावर कमी डिझेल लागतं, त्यामुळे दोष झाकून जातो. चढावर मागणी वाढली की नळीत बुडबुडे येतात आणि गाडी दम टाकते. फिल्टरजवळ थोडा वेळ पारदर्शक नळी लावली की हे बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

पाणी साचलं तर?

जुलै २०१८मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं होतं, ते इथला कुणी विसरलेला नाही. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर एअर फिल्टर आधी उघडून बघा. फिल्टर ओला असेल तर स्टार्टर मारूच नका. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये ते असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. एरवीही पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी अधूनमधून काढत राहा.

टर्बोचा नंबर कधी?

आधी आपल्या गाडीत टर्बो आहे का ते तरी बघा. 'छोटा हत्ती' म्हणजे टाटा एस २००५मध्ये आली, तेव्हा तिच्यात ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन होतं. टर्बो नव्हताच.

टर्बो असेल तर इंजिन थंड आणि बंद असताना मेकॅनिकला हवेचा पाइप काढून त्याचा शाफ्ट हाताने हलवून दाखवायला सांगा. पंखा मोकळा फिरला पाहिजे आणि बाजूच्या भिंतीला घासता कामा नये. व्हॅक्यूमवर चालणारा टर्बो असेल तर त्याची बारीक नळी फाटलीये का तेही बघायचं. ती नळी टर्बोपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

कॉमन रेल गाडी असेल तर आधी स्कॅनर लावायचा. सेन्सर बिघडला की कंप्युटर मुद्दाम ताकद कमी करतो. नोझलवर संशय असेल तर रिटर्न टेस्ट होते. प्रत्येक नोझलमधून परत येणारं डिझेल बाटल्यांमध्ये मोजायचं. जिचं जास्त परत येतं ती झिजलेली. चारही बदलायची गरज पडेलच असं नाही.

एक सक्त सूचना. कॉमन रेलचे पाइप इंजिन चालू असताना अजिबात सैल करू नका. आत हजार बारच्या वर दाब असतो. एवढ्या दाबाचा फवारा कातडीतून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी ती आणीबाणी आहे, थेट हॉस्पिटल गाठायचं.

एवढं सगळं ठीक निघालं, तरच सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट करायची. टेस्टचे आकडे बघितल्याशिवाय इंजिन खोलायला हो म्हणू नका.

थोडक्यात काय, तर गॅरेजमध्ये जाऊन 'पिकअप नाही' एवढंच सांगू नका. कधी होतं, कुठल्या गिअरमध्ये होतं, भरलेल्या गाडीला की रिकाम्या, धूर कसा, फिल्टर शेवटचा कधी बदलला, हे सांगा. आणि कुठलाही महागडा भाग बदलायच्या आधी एकच प्रश्न विचारा, "हाच खराब आहे हे कशावरून ठरवलं?" चांगला मेकॅनिक या प्रश्नावर चिडत नाही, तो दाखवतो.

तुमच्याही गाडीने असं कधी छळलंय का? दोष शेवटी कुठे सापडला, कमेंटमध्ये नक्की सांगा.